टन म्हणजे टन

१

सकाळच्या पाळीची माणसं तळ्यातले ओंडके सारायला लागली, तेव्हा बांबूच्या टोकाला आधी एक चप्पल लागली. मग पाय.

वखारीच्या मागचं ते तळं लाकूड भिजत ठेवण्यासाठी होतं. ओंडके पाण्यावर असे दाटीवाटीनं पसरलेले असत की खालचं पाणी दिसायचं नाही. त्यांच्या खाली आलेखवाला पालथा पडला होता. गळ्यातला चष्मा दोरीसकट तसाच. डोक्याच्या मागे जखम होती, अर्ध्या चंद्रासारखी वाकडी.

आलेखवाला हे त्याचं वखारीतलं नाव. राजधानीच्या व्यापार अभ्यास कचेरीनं त्याला पाठवलं होतं. नदीच्या अलीकडचा देश आणि पलीकडचा देश, दोघांनी गेल्या तीस वर्षांत किती कठीण लाकूड परदेशी धाडलं, एवढी तुलना करून द्यायची, हे त्याचं काम. त्यानं दोन रेघा काढल्या होत्या. लाल आपली, निळी पलीकडची. कितीतरी वर्षं त्या एका जुवाखालच्या बैलांसारख्या जोडीनं चालल्या. मग एका वर्षी लाल रेघ जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली आली आणि पुन्हा काही उठली नाही. निळी आपली चढतच राहिली.

चौकशी समितीनं अर्थ लावला तो सोपा होता. आपलं लाकूड चोरून नदीपार जातंय आणि तिकडचं म्हणून विकलं जातंय. लाकूड मोजतो कोण? मोजणीदार. मग चोर कोण?

आदल्या दिवशी सकाळीच मोजणीदार भर वखारीत आलेखवाल्यावर ओरडला होता, "तुझ्या रेघेनं माझा गळा कापलास!" ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

दुपारपर्यंत त्याच्या हातात बेड्या होत्या. आणि संध्याकाळी कोठडीतून बातमी आली, की मोजणीदारानं गुन्हा कबूल केलाय.

२

"ताई, तू ये. आज ये," एवढंच धाकटी फोनवर बोलली होती.

ताई म्हणजे तपासनीस बाई. सरकारी तपास खात्यातून निवृत्त झालेल्या, आवाज इतका हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागे. आई गेल्यावर या धाकट्या बहिणीला त्यांनीच वाढवलं, त्यांनीच मोजणीदाराला दिलं. त्यामुळे वयानं फार लहान नसलेल्या मोजणीदाराला त्या थट्टेनं जावईबुवा म्हणायच्या.

बाई पोचल्या तेव्हा धाकटी मागच्या मोरीत बसून नवऱ्याचा एकच शर्ट पुन्हा पुन्हा धूत होती.

"किती धुशील? फाटेल तो."

"उद्या दुपारी त्यांना न्यायाधीशांपुढे नेणार. कबुलीवर सही घेणार. एकदा सही झाली की संपलं, असं फौजदार म्हणाले." ती वर बघेना. "जातील तर स्वच्छ शर्टात जाऊ देत."

"जेवलीस?"

"जेवले. अळणी. ते घरी येईपर्यंत मीठ नाही, असं देवाला सांगितलंय."

"आणि पोरी?"

"पाठवल्यात त्यांच्या आत्याकडे. इथं शेजारणी खिडक्या लावून घेतात आम्ही दिसलो की."

तिनं हातातलं कपडे बडवायचं धोपाटणं बाजूला ठेवायला म्हणून सोडलं ते पाण्यानं भरलेल्या टपात पडलं. तळाशी ठप्प आवाज झाला. ती कोपरापर्यंत हात घालून ते काढू लागली आणि एकदम रडायलाच लागली. "लग्नानंतर यांनी स्वतः घडवलं होतं हे. काळ्या लाकडाचं. म्हणाले, सोनं नाही परवडत, हे घे, सोन्याएवढंच जड आहे."

बाईंनी तिला रडू दिलं. मग शर्ट पिळून घेतला आणि अंगणातल्या दोरीवर टाकला. दोरी कसली, चपटी कापडी पट्टी होती, उन्हानं पिवळी पडलेली.

"तो मुलगा, आलेखवाला, तुझ्याकडे कधी आला होता?"

"आला होता ना! त्याच दिवशी. दुपारी. यांच्याशी भांडण झालं त्याबद्दल माफी मागायला आला होता. हे नव्हते घरी. मी काही आत या म्हटलं नाही, पण पाणी दिलं. शत्रूला का होईना, पाणी द्यावं. तो पाणी पीत इथंच उभा होता. मग त्या दोरीकडे बघायला लागला. बघतच राहिला. म्हणाला, वहिनी, ही दोरी कधीपासून बांधलीत? मी म्हटलं, थोरली पावलं टाकायला लागली तेव्हापासून, लंगोट वाळत घालायला. तर हसला. नुसता हसला नाही, ताई, टाळी वाजवली. म्हणाला, वहिनी, संध्याकाळी तुम्हाला गोड बातमी देतो."

"मग?"

"मी म्हटलं, गोड बातमी बायकांनी द्यायची असते, तुम्ही कुठून देणार? लाजला बिचारा." धाकटीनं डोळे पुसले. "आणि सकाळी तो तळ्यात. मी हे फौजदारांना सांगितलं. ते म्हणाले, बायको नवऱ्यासाठी काहीही सांगेल."

बाई दोरीकडे बघत राहिल्या. त्यांना त्यात हसण्यासारखं काहीच दिसलं नाही.

३

कोठडीत मोजणीदार भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"जावईबुवा."

तो उठून उभा राहिला. इतक्या वर्षांची सवय. "ताई, तुम्ही कशाला आलात इथं?"

"मारलंत त्याला?"

"नाही."

"मग कबूल काय केलंत?"

"चोरी." तो खाली बसला. "खुनाचं मी नाही म्हणतोय. पण ते म्हणतात, चोरी केलीस तर खूनही तूच केलास. म्हटलं, लिहा काय ते. मी थकलो, ताई."

"चोरी केलीत?"

त्यानं आपले तळहात उताणे-पालथे करून पाहिले. मग म्हणाला, "आकडे खोटं बोलतात का हो? तितकेच ट्रक येतात. तितकेच ओंडके. माझ्या डोळ्यांदेखत काट्यावर चढतात. आणि त्या मुलानं दाखवलं, की पूर्वीपेक्षा कितीतरी टन कमी. दरवर्षी कमी. मी रात्ररात्र विचार केला. कुठं गेलं ते लाकूड? माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही त्याला. मग माझ्याच हातून गेलं ना? मी झोपेत देऊन टाकलं का कुणाला? वेड लागायची पाळी आली. शेवटी वाटलं, एवढं सगळं गेलंय म्हणजे चोर आहेच कुणीतरी. तो मीच असणार."

बाईंनी आयुष्यात खूप कबुल्या ऐकल्या होत्या. अशी कधी ऐकली नव्हती.

"पूर्वी टन किती भरायचे, आठवतं तुम्हाला?"

"टन कचेरी करायची. मी फूट-इंच द्यायचो, ओंडक्याची लांबी आणि घेर. आता काटाच टन सांगतो. मला काही करावं लागत नाही." तो कडवट हसला. "आमचे निर्यात साहेब म्हणालेच होते, आता चूक व्हायला जागा नाही."

शिपायानं दारावर काठी आपटली. मोजणीदारानं गजांमधून हात बाहेर काढला. "ताई, तिला सांगा, उद्या येऊ नको म्हणावं. आणि त्या मुलाच्या आईला कुणी कळवलं का, ते बघा."

४

निर्यात साहेबांची खोली वखारीच्या वरच्या मजल्यावर, दोन खिडक्यांची. एक तळ्यावर उघडायची, दुसरी थेट नदीवर. नदीकडच्या खिडकीखाली धक्क्याची सरळ भिंत पाण्यात उतरली होती.

साहेब उठून उभे राहिले. नम्र माणूस. शर्टाची इस्त्री मोडलेली नव्हती.

"मोजणीदाराच्या घरच्या तुम्ही. वाईट वाटतं, बाई. माझा विश्वास होता त्याच्यावर."

"आलेखवाला त्या दिवशी आला होता तुमच्याकडे?"

"नाही. सकाळी त्याचं भांडण झालं, ते सोडवायला मी खाली गेलो होतो. पुन्हा दिसला नाही."

"तुम्ही लाकडाच्या धंद्यात किती वर्षं?"

"इथं आलो तेव्हापासून. आधी सिमेंटमध्ये होतो. खरं सांगू? इथं आलो आणि डोक्याला हात लावला. ही माणसं टेप घेऊन ओंडक्यांना मिठ्या मारत फिरायची! मी पहिलं काम केलं ते काटा बसवला. अख्खा ट्रक वर चढवायचा, आकडा समोर. टन म्हणजे टन." त्यांनी बोटानं टेबलावर टकटक केलं. "आणि म्हणूनच चोरी पकडली गेली ना? काटा आल्यावरच लाल रेघ खाली आली. तोवर लपत होतं सगळं."

"नेमकं काय चोरीला गेलं?"

"सगळंच. पण जास्त काळगाभा. काळ्या गाभ्याचं लाकूड, आमचा सगळ्यात महाग माल. तो आम्ही तळ्यात टाकत नाही, वेगळ्या शेडमध्ये कुलपात ठेवतो. किल्ली माझ्याकडे असते, मोजायच्या वेळी मोजणीदार घेऊन जायचा." साहेब जरा पुढे वाकले. "समितीला सांगितलंय ते तुम्हालाही सांगतो. तुम्ही घरच्या आहात, कळायला हवं. मी स्वतः पाहिलंय. या खिडकीतून. अंधार पडल्यावर तो धक्क्यावरून काळगाभ्याचे ओंडके पाण्यात सोडायचा. एकामागून एक तरंगत जायचे, पलीकडच्या काठाला. दोनदा पाहिलं. बोललो नाही, ही माझी चूक."

डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार. आता जावईबुवांना देवच वाचवील.

उठताना त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. उन्हानं टेबलाचा रंग उडाला होता, पण मधोमध एक गोल डाग गडद राहिला होता, ताटाएवढा. तिथं वर्षानुवर्षं काहीतरी ठेवलेलं असणार.

"इथं काय होतं?"

"अं? ती होय. चकती. काळगाभ्याचा आडवा काप, पितळी पट्टी लावलेला. उत्तम निर्यातीबद्दल मिळाली होती मला. पलीकडच्या शेटना फार आवडायची, परवाच देऊन टाकली."

"बक्षीस देऊन टाकलंत?"

"वस्तूंत जीव अडकवू नये, बाई," साहेब म्हणाले.

५

पलीकडचे शेट होडीतून उतरतानाच मोठमोठ्यानं बोलत होते. पोट आधी उतरलं, मागून शेट. पलीकडच्या देशाचं लाकूड परदेशी धाडणारा सगळ्यात मोठा व्यापारी. समितीच्या मते चोरीचा माल घेणाराही हाच.

"या, या, मला पकडायला आलात ना? हात पुढे करू का? एकच सांगतो, बेडी मोठ्या मापाची आणा."

"तुमची रेघ एवढी वर कशी गेली, शेट?"

"अहो, माझ्या सासऱ्यानं झाडं लावली. तेव्हा सगळे हसले, म्हणाले म्हातारा नातवंडांसाठी सावली करतोय. आता ती झाडं कापायला आलीत. आम्ही लावलं, म्हणून आमचं वाढलं. तुमचं का घटलं, ते तुमचं तुम्ही बघा."

"म्हणजे आमचं लाकूड तुम्ही घेतलं नाही?"

"घेऊन करू काय? तुमच्याकडचा बहुतेक माल हलका. नावाला कठीण लाकूड. पानं रुंद असली की धंद्यात त्याला कठीणच म्हणतात, मग ते नखानं खरवडलं तरी चालतं." शेटनी धक्क्यावर पडलेला एक तुकडा उचलून बोटावर तोलला. "हे बघा. उशी करून झोपावं."

"साहेबांनी तुम्हाला परवा काळगाभ्याची चकती दिली म्हणे. भेट."

शेट थांबले. मग पोट धरून हसले. "मला? तो माणूस कुणाला आपल्या अंगणातलं ऊनसुद्धा देणार नाही! मी त्या चकतीला हात लावला तर रुमालानं पुसायचा."

साहेब खोटं बोलले होते तर. पण खोटं बोलणं म्हणजे खून नव्हे. फौजदार एवढ्यावर कबुली थांबवणार नाही. बाईंना एकदम थकवा आला. दिवस कलत होता. उद्या दुपार. त्या धक्क्याच्या पायरीवर बसल्या आणि नुसतं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "तुमच्याकडेही काटा आहे?"

"छे! आम्ही अजून टेपवाले. घेर घ्यायचा, लांबी घ्यायची, हिशेब करायचा. पन्नास घनफूट झाले की एक टन."

"पन्नास घनफुटांचं वजन एक टन भरतं?"

"वजनाचा काय संबंध?" शेटनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "बाई, लाकडातला टन हे वजन नाहीच मुळी. ते माप आहे. आजोबांच्या काळापासून. नदीच्या दोन्ही काठांना हेच. पन्नास घनफूट जागा भरली की टन झाला, मग त्यात पिसं भरा नाहीतर लोखंड."

बाई उभ्या राहिल्या.

"शेट, उद्या सकाळी तुम्ही साहेबांच्या खोलीत येणार. पाया पडू का?"

"अहो, पडू नका, मला वाकून तुम्हाला उठवायला लागेल," शेट म्हणाले. पण त्यांचा चेहरा हसत नव्हता. "येतो."

६

धाकटीनं दार उघडलं तेव्हा बाई तिला ओलांडून सरळ मागच्या अंगणात गेल्या.

शर्ट वाळला होता. त्यांनी तो बाजूला सारला आणि ती चपटी पिवळी दोरी दोन बोटांत धरली. जवळून पाहिल्यावर दिसलं. उडालेल्या काळ्या शाईत फूट, इंच, फूट, इंच. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ही टेप आहे."

"हो. यांची वखारीतली," धाकटी म्हणाली. "काटा बसवला तेव्हा साहेब म्हणाले, आता हिचं काम नाही, फेकून दे. यांना फेकवेना. घरी आणली. मी म्हटलं, दोरी तरी होईल."

"आणि थोरली तेव्हा पावलं टाकत होती."

"त्याच महिन्यात की. पण झालं काय, ताई?"

बाईंनी तिला तिथंच बसवलं. "ऐक. ही टेप ओंडक्यांवर होती, तोवर आपला टन म्हणजे पन्नास घनफूट. ती या अंगणात आली आणि आपला टन वजनाचा झाला. शब्द तोच राहिला, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. आपलं लाकूड हलकं. पन्नास घनफूट भरले तरी काट्यावर पुरता टन होत नाही, दोन-तृतीयांश कसाबसा होतो. म्हणजे तेवढेच ट्रक, तेवढेच ओंडके, आणि आकडा एका वर्षात धाडकन खाली. लाल रेघ घसरली ती तिथं. लाकूड कुठंच गेलं नाही. तुझ्या नवऱ्यानं काही चोरलं नाही, कारण ते चोरीला गेलंच नाही!"

धाकटीनं तोंडावर पदर धरला.

"तो मुलगा कागदावरून आकडे घेत आला होता. त्याला काटा कधी आला हे कुणी सांगितलंच नाही. इथं ही दोरी बघितली, वर्ष विचारलं, आणि त्याला सगळं कळलं. म्हणून टाळी वाजवली." बाई थांबल्या. "गोड बातमी खरीच होती गं. ती पक्की करायला तो आधी साहेबांकडे गेला असणार."

"मग साहेबांनी का... त्यांचं काय जात होतं यात?"

तेच तर कळत नव्हतं. चोरी झाली नाही हे कळल्यावर साहेबांना आनंदच व्हायला हवा होता. बाई मोरीच्या कट्ट्यावर बसल्या. हाताला धोपाटणं लागलं. उचलताना मनगट वाकलं. केवढं जड हे! त्यांना दुपारचा तो आवाज आठवला.

ठप्प.

त्यांनी धोपाटणं टपाच्या पाण्यावर धरलं आणि हळूच सोडलं. ते दगडासारखं तळाशी गेलं.

"देवा," बाई इतक्या हळू म्हणाल्या की शेजारी बसलेल्या धाकटीलाही ऐकू आलं नाही.

७

सकाळी साहेबांच्या खोलीत फौजदार घड्याळाकडे बघत होते. दाराशी शेट होते आणि तळ्यावरचे दोन ओंडकेवाले. बाईंनी पदराखालून पंच्यात गुंडाळलेली वस्तू काढून टेबलावर ठेवली आणि आग विझवायची पाण्याची बादली पुढे ओढली.

"साहेब, हे धोपाटणं. लाकडाचं आहे. पाण्यात टाकलं तर काय होईल?"

"हा काय पोरखेळ?" साहेब फौजदारांकडे बघून हसले. "तरंगेल."

"टाका ना."

साहेबांनी टाकलं. ठप्प. बादलीतून पाण्याचा शिंतोडा त्यांच्या इस्त्रीवर उडाला.

"काळगाभा आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही रोज या खिडकीतून तळं बघता. तळ्यात हलके ओंडके तरंगतात. तुम्हाला वाटलं, लाकूड म्हणजे लाकूड. पण काळगाभा तुम्ही तळ्यात टाकतच नाही, तो कुलपात असतो. त्याला पाण्यात तुम्ही कधी पाहिलंच नाही. मग माझ्या जावईबुवांनी सोडलेले काळगाभ्याचे ओंडके नदीवरून तरंगत जाताना कसे पाहिलेत?"

दाराशी एक ओंडकेवाला खुसकन हसला आणि दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं.

"अंधार होता," साहेब म्हणाले. "दुसरं लाकूड असेल. माणूस चुकतो."

"चुकतो. म्हणून आधी टनाचं बोलू." बाईंनी फौजदारांना टेपची गोष्ट सांगितली. शेटनी दर वाक्याला मान हलवली. फौजदार घड्याळ विसरले. "आता यातली एकच गोष्ट उरते. टन बदलल्यावर हलक्या लाकडाचे आकडे घटायला हवे होते. ते घटले. पण जड लाकडाचे वाढायला हवे होते, कारण पन्नास घनफूट काळगाभा काट्यावर टनापेक्षा कितीतरी जास्त भरतो. तो वाढला का, साहेब?"

साहेबांनी ओल्या इस्त्रीवरून हात फिरवला.

"नाही वाढला. काळगाभाही सगळ्यांबरोबर घटला, तुम्हीच काल सांगितलंत. म्हणजे मोठं भोक खोटं, पण त्याच्या पोटात एक लहान भोक खरं होतं, काळगाभा तुम्ही परस्पर विकत होतात. ते खोटं भोक तुम्हाला देवानं दिल्यासारखं मिळालं. सगळंच कमी दिसतंय, तर काळगाभ्याकडे कोण बघणार? नाव मोजणीदाराचं लागणार. आणि एका संध्याकाळी तो मुलगा हसत तुमच्या दारात आला. म्हणाला, साहेब, चोरी झालीच नाही, फक्त काळगाभ्याचं जरा पाहावं लागेल. किल्ली कुणाकडे असते?"

"तो आलाच नव्हता!"

"त्याच्या डोक्यातली जखम अर्ध्या चंद्रासारखी आहे. गोल कडेची. तुमची चकती कुठे आहे?"

"सांगितलं ना, शेटना दिली."

"मला?" शेट दारातून म्हणाले. आज त्यांनी विनोद केला नाही. "मला आजवर तुम्ही चहासुद्धा दिला नाहीत, साहेब."

बाई नदीकडच्या खिडकीशी गेल्या. "तळं त्या बाजूला, ओंडक्यांनी झाकलेलं, म्हणून मुलगा तळ्यात. नदी या बाजूला, म्हणून चकती नदीत. पाण्याला ओढ आहे. लाकूड आहे, वाहत जाईल, उद्या समुद्रात असेल. असंच वाटलं ना? पडल्याचा आवाज आला, खाली अंधार. तुम्ही वाकून पाहिलंही नसेल." त्यांनी सरळ खाली बोट दाखवलं. "मला वाटतं, ती एक हातसुद्धा पुढे गेली नाही."

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. एवढंच. पण त्या पाहण्यानं खोलीतल्या सगळ्यांना उत्तर मिळालं.

दोघे ओंडकेवाले जिना उतरले. सदरे काढून भिंतीला धरत पाण्यात शिरले. एकदा बुडी, रिकामे हात. दुसऱ्यांदा बुडी, मूठभर गाळ. बाईंनी खिडकीची चौकट घट्ट धरली. नसली तर? पुराव्याशिवाय हे सगळं शब्दांचं. जावईबुवांना दुपारी नेतील.

तिसऱ्यांदा पाण्यातून आधी दोन हात वर आले. हातांत गोल, काळं, चिखलानं माखलेलं काहीतरी होतं. ओंडकेवाल्यानं अंगठ्यानं गाळ पुसला. पितळेची पट्टी उन्हात चमकली.

"उत्तम निर्यातीबद्दल," त्यानं खालूनच मोठ्यानं वाचून दाखवलं.

८

संध्याकाळी मोजणीदार घरी आला, त्याच धुतलेल्या शर्टात. धाकटीनं त्याला दारातच पाणी दिलं. शेजारच्या खिडक्या एक-एक करून उघडल्या आणि धाकटीनं उठून आपली खिडकी लावून घेतली.

तो मागच्या अंगणात गेला. दोरी नव्हती. टेप पुरावा म्हणून फौजदारांनी नेली होती. दोन खिळे तेवढे राहिले होते.

"ताई, त्या मुलाची आई ठाण्यात आली होती," तो खिळ्यांकडे बघत म्हणाला. "राजधानीहून. तिनं मला विचारलं, माझा मुलगा शेवटी कसा होता? काय सांगू मी? मी तर त्याला शिव्या घातल्या होत्या. सगळ्यांसमोर. आणि तो मला सोडवायलाच जिना चढला होता."

"काय सांगितलंत?"

"धाकटीनं फौजदारांना सांगितलं होतं तेच. की इथं उभा राहून पाणी प्यायला, आणि हसला, टाळी वाजवली." "ती म्हणाली, लहानपणी गणित सुटलं की असाच टाळी वाजवायचा."

मग आतून ताटांचा आवाज आला. बाई आत गेल्या. धाकटीनं पानं वाढली होती. नवऱ्याच्या ताटात, ताईच्या ताटात, आणि मग स्वतःच्या ताटाच्या कडेला तिनं चिमूटभर मीठ वाढलं. देवाला हात जोडले.

मग एक चौथं पान घेतलं, त्याला पाण्याचा पेला लावला, आणि ते अंगणाच्या दाराशी, त्या मुलानं जिथं उभं राहून पाणी प्यायलं होतं तिथं नेऊन ठेवलं.

"आत या म्हटलं नव्हतं मी त्याला," ती म्हणाली.